उभ्या घड्याळाखालची पाचर

आमच्या वाचनालयात झाडणारी शेवंता उभ्या घड्याळापाशी आली की केरसुणी जरा बाजूनं नेते. घड्याळाच्या डाव्या पायाखाली लाकडाची पाचर आहे. ती मी घातलेली.

माणसाहून उंच, खाली लंबक असलेलं जुनं घड्याळ. ते कायमच किंचित कललेलं असायचं. मागच्या साली नवी फरशी घातली आणि मिस्त्रीनं पाणसळ धरून ते अगदी सरळ उभं केलं. दोन दिवसांत बंद!

मी घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून ग्रंथपालांनी मला बोलावलं. म्हणाले, "अण्णा, आतलं काढून सेलचं मशीन बसवू."

"आधी ऐका तरी," मी म्हणालो आणि लंबक हातानं हलवला. टिक लांब, टक आखूड. लंगडा माणूस चालावा तसं. मी पाचर ठोकत गेलो, कान लावून. दोन्ही आवाज सारखे झाले तेव्हाच थांबलो.

"आता तिरकं दिसतंय हो."

"दिसू द्या. चालतंय ना?"

तबकडीवर बनवणाऱ्याचं नाव इंग्रजीत आहे, मला ते वाचता येत नाही. कारागीर मोठा, चक्रांचे दाते बघितले की कळतं. पण आमची जमीन त्यानं कुठं बघितली होती? तेवढं काम त्यानं माझ्यासाठी ठेवलं, असं मी समजतो. माझं नाव तिथं कुठंच नाही.

परवा एक वाचक पाचर पायानं सरकवायला गेला, तर शेवंता ओरडली, "ओ दादा, कचरा नाय तो! अण्णांचं काम हाय!"