मशीनला लावलेलं कुंकू

टेपरेकॉर्डर तुला कुणी शिकवला, असं मला अजून विचारतात. कुणीच नाही, आणि सगळ्यांनी! परळच्या आमच्या चाळीच्या कलापथकाला गिरगावातल्या एका डॉक्टरांनी आपलं जुनं मशीन देऊन टाकलं, दोन मोठ्या चकत्यांचं, आणि ते चालवायला कुणालाच येईना. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली. म्हटलं, मी शिकते. पुरुषमंडळी हसली. हसा, म्हटलं.

लालबागचा लाउडस्पीकरवाला म्हणाला, माइक कर्ण्यासमोर धरू नको, शिट्टी मारतो. फणसवाडीच्या घड्याळजीने बारीक भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला शिकवलं. तुटलेली टेप तिरकी कापून चिकटवायची, हे दादरच्या स्टुडिओत कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याने दाखवलं, तेही ‘मुलीच्या जातीला कशाला हे’ असं ऐकवून. माइक तोंडापासून किती लांब ठेवायचा, हे मात्र मी बाबांच्या आवाजावरच शिकले.

बाबा म्हणजे कलापथकाचा मुख्य आवाज. संयुक्त महाराष्ट्राची सभा असो नाहीतर मोर्चा, डफ वाजला की पहिली ओळ बाबांनीच उचलायची. पण गिरणीतल्या कापसाने त्यांना खोकला धरला होता, आणि पथकाचे सेक्रेटरी मागून कुजबुजत फिरायचे, ‘आवाज गेला त्यांचा.’ बाबांच्या कानावर ते गेलंच. मला म्हणाले, “एकदा माका मशीनवर ऐकव गो. बरो असलो तर मोठ्या सभेत गातंय, नायतर डफ खाली ठेवतंय.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ठरलं, आणि नेमका दसऱ्यालाच मला कावळा शिवला. मी गॅलरीच्या कोपऱ्यात बाजूला बसले. तिकडे पथकाच्या खोलीत सेक्रेटरींनी मशीनची पूजा केली, गिरणीत मागाची करतात तशी. झाकण उघडून हळद, ओलं कुंकू, अक्षता, वर हार. मग बाहेर येऊन सगळ्या चाळीसमोर मला बजावलं, “पूजलेल्या मशीनला आता शिवायचं नाही हं तू.” आई मान खाली घालून उभी. माझी अडचण चव्हाट्यावर मांडताना त्या माणसाला काडीची लाज वाटली नाही! रेकॉर्डिंग पुढे ढकला, म्हटलं. तर म्हणे, “बटण तर दाबायचं, त्यात काय मोठं?”

दुसऱ्या दिवशी दाबलं त्यांनी बटण. बाबा गायले. मी गॅलरीतून ऐकत होते. खणखणीत! एक सूर हलला नाही. मग टेप लावली, तर गोधडीत तोंड खुपसून कुणी गातंय तसा आवाज आला. सेक्रेटरी लगेच बोलले, “मी म्हणत नव्हतो?”

मी उठले. विटाळ गेला चुलीत! तरातरा आत शिरले आणि मशीनमध्ये डोकावले. आवाज टिपणाऱ्या ज्या हेडला टेप घासून जाते, नेमकं त्याच्यावर कुंकू थापलेलं, वाळून खपली धरलेलं. स्पिरिटने पुसलं. लाल झालेला बोळा बाबांसमोर धरला. “बाबा, तुमचा आवाज छान आहे. या कुंकवाने घाण केली.” पण तीच टेप पुन्हा लावली तर पुन्हा तेच, कारण टेपवर आवाजच तसा उतरला होता. म्हटलं, आता परत एकदा गा, फक्त एक ओळ.

“बापाला सांभाळून घेतेय पोर,” सेक्रेटरी हळूच म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला माझ्या!

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर, मला शिवायचं नव्हतं तरी. म्हणाले, “माणूस खोटा बोलात गो. मशीन कित्याक खोटा बोलतला?” आणि डफ सेक्रेटरींच्या हातात दिला.

पुढे महाराष्ट्र झाला. त्या दिवशी अख्खं परळ रस्त्यावर उतरून गात होतं, ज्याला सूर नाही तोही. बाबा माझ्या शेजारी उभे होते, ओठ घट्ट मिटून, टाळ्या वाजवत.