हवा कुणाच्या डोक्यात होती!

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, न्हायतर माझं डोकं फुटंल. आमची सुंदराआत्या जाऊन महिना होत आला. रडून झालंय माझं. पण परवा सोसायटीच्या गोदामात तिची शोकसभा झाली आणि तिथं आमचे चेअरमन उठले, डोळ्याला उपरणं लावलं आणि म्हणाले, "सुंदराबाईच्या हातात पहिला पाना मीच दिला. इंजिन मीच शिकवलं त्यांना."

शिकवलं?... थांबा, सगळं सांगते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात सोसायटीची विहीर आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. ते तिचा नवरा चालवायचा, त्याच्यासोबत रोज जाऊन ती शिकली. तो गेल्यावर काम तिच्याकडं आलं आणि तिचं घर त्याच्यावरच चालायचं. दुष्काळात विहीर सकाळी एकदाच उपसायची, बाकी येळ झऱ्यानं भरू द्यायची. त्या उन्हाळ्यात उमरग्याचा मिस्त्री येऊन इंजिनाची सर्व्हिसिंग करून गेला. तेल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला, टॅपेट जुळवले. चालू करून मात्र बघितलंच न्हाय, कारण त्या दिवशीचं पाणी सकाळीच उपसून झालं होतं! सकाळी बाया घागरी घेऊन रांगेत, आणि आत्या हँडल मारतीय तर इंजिन ढिम्म. तिनं टाकी बघितली, डिझेल होतं. हँडल फिरवून बघितलं, दाब चांगला होता. पण धुराड्यातून धूर काय येईना. मग तिनं इंजिनाला कान लावला. डिझेल आत फवारलं की नोझल चरचरतं, ते ऐकायला.

"नोझल बोलंना," ती म्हणाली. "फिल्टर बदलताना पाईपात हवा शिरलीय. ती काढली की लागतंय बघा इंजिन."

आणि तिनं नटाला पाना लावला, तेवढ्यात चेअरमन आले. पाना हिसकला, मातीत फेकला. "बाईमानसाचा हात लागला की असंच व्हनार! काल मिस्त्रीनं चांगलं करून दिल्तं." एवढ्या बाया होत्या, एकीचंही तोंड उघडलं न्हाय... दुपारी मिस्त्री आला, गुपचूप तोच नट सैल करून हवा काढली आणि इंजिन लागलं. गावाला काय सांगितलं? बाईनं बिघडवलं, मिस्त्रीनं नीट केलं! दुसऱ्या दिवशी हँडल चेअरमनच्या पुतण्याच्या हातात, आणि आत्या रोजगार हमीवर खडी फोडायला. तिनं तो पाना तेवढा मातीतून उचलून आणला आणि दाराच्या आत खुंटीला अडकवला. मी चिडून काय काय बोलले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्याची बी हवा निघंल."

आणि निघाली! पुढच्या उन्हाळ्यात चेअरमनच्या पोरीचं लग्न होतं. त्यांच्या मळ्यातल्या इंजिनाची सर्व्हिसिंग त्याच मिस्त्रीनं केली, आणि पाणी लग्नाला राखून ठेवायचं म्हणून पुन्हा चालू करून बघितलंच न्हाय. वऱ्हाड येऊन बसलं, रांजण कोरडे, इंजिन ढिम्म. पुतण्याचे हात सोलून निघाले हँडल मारून. मिस्त्री उमरग्याहून यायला दुपार झाली असती, शेवटी आत्याला बोलावणं आलं. ती गेली, मागं मी. इंजिनापासून चार हात लांब कट्ट्यावर ती बसली, पदर नीट केला.

"म्या कशाला हात लावू? माझ्या हातानं बिघडतंय, तुमीच म्हनलाव न्हवं?"

"सुंदराबाई, झालं गेलं सोडा. पाव्हने खोळंबलेत."

"मग उद्यापासनं सोसायटीचं हँडल माझं. म्हना की व्हय, पाव्हन्यांसमोर."

"...व्हय."

"आता घ्या पाना. त्यो नट, व्हय त्योच. सैल करा. अजून."

फेटा बांधलेले चेअरमन उकिडवे बसले. बुडबुडे आले आणि मग डिझेलची चिळकांडी थेट नव्या धोतरावर! वऱ्हाडातल्या बाया पदर तोंडाला लावून फिसफिसल्या.

"काय निघालं, साहेब?"

"हवा," ते पुटपुटले.

"मागं ऐकू जाईना."

"हवा!"

"आता आवळा. मारा हँडल." इंजिन लागलं. आत्यानं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. जेवायलाही थांबली न्हाय ती, घरी येऊन मात्र लई वेळ एकटीच हसत होती. तेव्हापासून गावात चेअरमन दिसले की पोरं लांबून ओरडायची, हवा! आणि हँडल शेवटपर्यंत आत्याकडंच राहिलं.

तर हाच माणूस परवा म्हणतो, मी शिकवलं! मला राहवलं न्हाय. मागच्या रांगेतनं मी जोरात ओरडले, "हवा!" मग त्याच बाया, ज्या तेव्हा रांगेत गप उभ्या होत्या, एकेक करत हसायला लागल्या. शोकसभेत! चेअरमन खाली बसले ते परत उठलेच न्हाईत. आत्याला अशीच शोकसभा आवडली असती.

काल मी आत्याच्या घरी होते, तिथं चेअरमनचा पुतण्या आला. "काकांनी सांगितलंय, आठवण म्हनून त्यो पाना सोसायटीच्या ऑफिसात लावायचा, खाली काकाचं नाव घालून." मी दारातच उभी राहिले. पाना माझ्या पाठीमागं खुंटीला होता, तिच्या मुठीनं घासून गुळगुळीत झालेला. म्हटलं, काकाला सांग, त्यांनी फेकलेला पाना हाय ह्यो. हितंच ऱ्हानार.

तुमच्या माणसाचं काम त्याच्या माघारी कुणी असं आपल्या नावावर केलंय का? आणि केलं तेव्हा तुम्ही काय केलंत... गप बसलात, का ओरडलात?