कमलताईंचे तीन ढीग

तीस वर्षं बातमीदारी केली की वहीत बातम्या कमी आणि बातमीत न बसलेल्या गोष्टीच जास्त साठतात. बहादरपूरच्या प्रौढ साक्षरता वर्गाची तर माझ्याकडे स्वतंत्र वही आहे.

वर्गात बाया बारा. त्यातल्या कमलताई केळीच्या पॅकिंगवर माल निवडतात. तिथली मुकादमाची जागा त्यांना मिळणार होती, पण साक्षरतेचं प्रमाणपत्र आणलं तरच. तेवढ्यात वरून आदेश आला: शिकणाऱ्यांना मूल्यांकनात सहभागी करून घ्या. सोबतच्या फॉर्मवर खाली छापलेलं, 'शिकणाऱ्यांनी यात काही लिहू नये.' मी दोनदा वाचलं. तसंच होतं.

* * *

वर्गाच्या पाटील सरांनी मात्र इमानदारीत विचारलं, "मार्क कशाकशाला द्यायचे, तुम्हीच सांगा."

"यायचे द्या," कमलताई म्हणाल्या. "चूल सोडून येतो आम्ही. शंभरातले पन्नास."

"आणि लिहायचे?"

"उरतील ते."

सरांनी लिहून घेतलं. आदेशच होता.

* * *

मग एकमेकींच्या वह्या तपासायच्या ठरल्या. वर्गात एक सासू-सून होत्या. सुनेनं सासूला दहापैकी दहा दिले. सासूनं सुनेला चार.

"आजी, हिचं तर सगळं बरोबर आहे," सर म्हणाले.

"बरोबरच राहणार. पेन माझा आहे."

* * *

कमलताई आकडे घालेनात. त्यांनी भराभर पानं उलटून वह्यांचे तीन ढीग केले: एक नंबर, दोन नंबर आणि परतीचा माल. स्वतःची वही दोन नंबरात. सर दोन दिवस तपासत बसले. एकही वही हलवावी लागली नाही.

"घड पाहूनच समजते सर. केळं केळं काय मोजत बसायचं?"

* * *

शेवटी तपासणीचे हिंदी बोलणारे साहेब आले. प्रमाणपत्रावर सही त्यांचीच. ढीग पाहून भडकले, "ये मूल्यांकन है या मंडी?" त्यांनी कागदावर एक शेरा खरडला आणि कमलताईंपुढे धरला. "पढिए. पढ लिया तो पास."

कमलताईंनी कागद उजेडाला धरला, आडवा केला, सरळ केला. "नाही लागत."

"तो फेल."

"तुम्ही वाचून दाखवा ना साहेब."

साहेबांनी चष्मा लावला. काढला. कागद सरांकडे दिला. सरांनी माझ्याकडे. मलाही शेवटच्या पूर्णविरामापलीकडे काही लागलं नाही.

कमलताईंनी कागद परतीच्या मालात टाकला. "पुन्हा लिहा. रेघेवर."

साहेबांनी नव्या कागदावर लिहिलं. कमलताईंनी बोट ठेवून खणखणीत वाचलं, "इन्हें पढना नहीं आता."

साहेबांनी प्रमाणपत्रावर सही केली. कमलताईंनी ते पदराआड ठेवलं आणि शेऱ्याचा कागद दोन नंबरात.

"अब इसमें क्या कमी है?"

"उद्या पण या साहेब. यायचे पन्नास आहेत."