दीड पोतं कांदा आणि सरळ चाकं

करावे गाव मागे पडलं, तरी क्षिप्रा आपली मागे मागेच. नंदिनीबाई दर संकष्टीला नेरूळहून बेलापूरच्या गणपतीला पायी जायच्या. आज भाची न बोलावता सोबत निघाली, तेव्हाच त्यांनी ओळखलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय.

"अगं, रेंगाळतेस काय?"

"तुझे पाय बघतेय, आत्या. तू चवडे जरासे आत टाकतेस."

"इतकी वर्षं चालतेय, तुझ्या काकांनीसुद्धा कधी नावं ठेवली नाहीत!"

"नावं नाही गं ठेवत. म्हणूनच तू सरळ चालतेस. गाडीचंही तसंच असतं."

आली पुन्हा गाडीवर! नंदिनीबाईंनी पदर खोचला. ही पोर चिपळूणहून इंजिनिअरिंगला त्यांच्याकडे राहायला आली, त्याच दिवशी तिने भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले देव दोरा धरून एका रांगेत बसवले. बाळकृष्ण रांगता, तो तेवढा दोऱ्याला बधला नाही. 'देवा, हिला सरळ भिंतींचं सासर दे,' एवढंच त्यांनी तेव्हा मागून घेतलं.

पुढे कॉलेजच्या मुलांनी शर्यतीची गाडी बांधायला घेतली, तीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये. चाकं कशी लावायची ते ठरवायचं क्षिप्राने. मुलं म्हणाली, पुढून जरा बाहेर फाकव, वळणावर झटक्यात वळेल. ही म्हणाली, "आणि सरळ रस्त्यावर नाचेल. किंचित आतच ठेवायची." सरांनी बजावलं होतं, शनिवारी मैदानावर गाडी सरळ धावली तरच पुण्याच्या स्पर्धेला न्यायची. नाही धावली तर खापर कुणाच्या डोक्यावर, हे सांगायला नको.

चाकं लावताना चालवणाऱ्याचं वजन आत हवं. नाहीतर तो बसला की गाडी दबते आणि लावलेली चाकं हलतात. चालवणारा निखिल राहिलेल्या विषयांच्या, केटीच्या अभ्यासाला कोंडलेला, थेट शनिवारी उगवणार. म्हणून त्या मुलांपैकी भगवानने एपीएमसी बाजारातल्या वडिलांच्या गाळ्यावरून दीड पोतं कांदे आणून सीटवर बसवले. त्या वर्षी कांदा सोन्याचा तोरा मिरवत होता, आणि ह्या शहाण्यांनी तो उघड्या पार्किंगमध्ये ठेवला!

मंगळवारी उजवं चाक लागलं, बुधवारी डावं.

"आज सकाळी ढकलून पाहिली," क्षिप्रा रडवेली झाली. "तर शेळीसारखी डावीकडे, तुळशीच्या कुंड्यांत. पोतं उघडलं, तर निम्मं रिकामं. उजवं चाक भरल्या गाडीवर लागलं, डावं अर्ध्या रिकाम्या!"

"अगंबाई! सेक्रेटरीला सांगितलंस?"

"रावसाहेब म्हणाले, कांदा वाऱ्याने सुकतो."

नंदिनीबाईंना एकदम आठवलं. "मंगळवारी रात्री जिन्यात भज्यांचा वास होता. मला वाटलं, कुणाकडे पाहुणे आले असतील."

"पाचही मजल्यांवर?"

"शेजारच्या बाळाबाईंनी आपल्याकडेही बशी पाठवली होती. माझा चातुर्मास, मी हात लावला नाही." त्या थांबल्या. "क्षिप्रे, ती बशी कुणी संपवली गं?"

क्षिप्राचा चेहरा उतरला. मग तिला हसू फुटलं. दोघी रस्त्याच्या कडेला पोट धरून हसल्या. सायकलवरचा एक माणूस वळून बघत गेला.

"मग आता तांदळाची पोती आणा."

"नको. तीही शिजतील."

देवळाचा कळस दिसू लागला. नंदिनीबाईंनी चपला काढून लांबूनच हात जोडले. डोळे उघडले तर क्षिप्रा त्यांना आपादमस्तक न्याहाळत होती, गिऱ्हाईक कपाट घेताना न्याहाळतं तशी.

"आत्या, वजन किती गं तुझं?"

"देवाच्या दारात असलं विचारतात?"

"निखिलएवढंच असेल."

"मेले! आज उपास आहे, कमी भरेन."

"चंद्रोदयानंतर साबुदाण्याने भरून निघेल. तसंही काम उद्या संध्याकाळी आहे." क्षिप्राने त्यांचा हात धरला. आवाजातली थट्टा गेली होती. "आत्या, गाडीत बसशील? दोन्ही चाकं लागेपर्यंत. माझ्यासाठी एवढंच कर. आणि बाळाबाई गप्पा मारायला आल्या, तर त्यांच्याकडे नुसती मान वळव, अंग वळवू नकोस."