जाजमाआडचं ऊन

मी धड चालायला लागले ते दोन लेकरांची आई झाल्यावर, आणि तेही ऐन दुष्काळात. हसू नका, खरंच सांगते.

वाशी गावात आमचं दुकानदाराचं घर. गावातल्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या, पण आमच्या घरच्या सुनांनी उंबरा ओलांडायचा न्हाय. त्यात दोन बाळंतपणं, दोन्ही अंधाऱ्या खोलीत. माझी हाडं ठणकायला लागली. बसलं की उठता येईना, भिंत धरून चालायची. माझे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले. वाळत चाललेली सून बघून सगळ्यांच्या मनात तेच आलं, माझ्याही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला काम सांगायचंच बंद केलं. घडीभर बसू न देणारी बाई अशी मऊ झाली, तेव्हा मी लई घाबरले.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "कॅन्सरचं काही दिसत नाही. हाडं मऊ पडलीत. कॅल्शियमच्या गोळ्या घ्या आणि रोज उन्हात बसा."

आत्याबाईंनी ते मनावर घेतलं, पण आपल्या रीतीनं. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, बाज टाकली, मला रोज धरून शिडीनं वर न्यायच्या. सून उघड्यावर कशी बसवायची? गावच्या शेती सोसायटीच्या सभेला अंथरायची जाड जाजमं आमच्याच घरी असायची. ती चारी बाजूंनी बांधली, वरून एक टाकलं. म्हणाल्या, "ऊब लागल्याशी मतलब." मी आत घामाघूम. गोळ्या चालू, उन्हात बसणं चालू, आणि पाय जिथल्या तिथं. मग घरात सगळ्यांची खात्रीच पटली की कॅन्सरच आहे, डॉक्टर खरं सांगत न्हाईत.

आणि काय गंमत बघा. कावळे खातात म्हणून आत्याबाईंनी मुगाच्या सांडग्यांचं एक ताट जाजमाच्या आत माझ्या बाजेशेजारी सरकवलं. बाकीचे बाहेर धोतरावर. दुसऱ्या दिवशी बाहेरचे खडखडीत, माझ्याजवळचे आतून ओलेच. वाळवणाच्या कामात त्यांना कुणी फसवावं, शक्यच न्हाय. सांडगा बोटानं दाबला, माझ्याकडं बघितलं.

"अगं, ह्यास्नी ऊनच लागलं न्हाय. मग तुला कुठलं लागतंय?"

भराभरा गाठी सोडायला लागल्या. समोरच्या माळवदावरून लोक बघत होते. "बघू देत," म्हणाल्या. माझ्या दंडावर ऊन पडलं आणि मला इतका आनंद झाला की मी पदरही सावरला न्हाय.

आता लेक सांगते, उन्हानं शरीरात तयार होणारं ड जीवनसत्त्व कमी असलं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढत असावा, असं डॉक्टर लोकांना वाटतं, पण अजून पक्कं न्हाय. मला तेव्हा त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त उठायचं होतं.

पुढं एका सकाळी मी बाजेला हात न लावता उठले. आत्याबाई सांडगे उलटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उठलीसच तर खाली जाऊन चहा ठेव."

मी रडत रडत शिडी उतरले. इतक्या महिन्यांनी त्यांनी मला काम सांगितलं होतं.