दाजींचा फ्लॅट

भोकरदनच्या स्टँडवर आई एसटीत चढली, तेव्हा तिच्या हातात तपासण्यांच्या फिल्मांचं मोठं पाकीट होतं. कपड्यांची पिशवी दादानं वर ठेवली, पण ते पाकीट तिनं कोणाला दिलं नाही. खिडकीतून ती शेजारच्या कमलमावशीला बजावत होती, "तुळशीला पानी घाल गं रोज. मी काय तिकडं ऱ्हायला चालले न्हाई. इलाज झाला की आलेच." दादाची कापूसवेचणी चालू होती, त्याला येता येत नव्हतं. तो खिडकीखाली उभा राहून मला एवढंच म्हणाला, "तुझ्या जिवावर पाठवून राह्यलो बघ." मी म्हणाले, "घर बघून ठेवलंय, तू बिलकुल काळजी करू नको." गाडी हलली. कमलमावशी पदर तोंडाला लावून उभी होती, आणि आई तिच्याकडं बघून हसत होती.

तुम्ही गावाकडची माणसं तिकडून फोन करता, पोराला पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट घेताना काय काय बघावं म्हणून विचारता. नळाला पाणी किती वेळ येतं ते बघा, लिफ्ट चालू आहे का बघा, असं काहीबाही सांगून मी फोन ठेवते. खरं सांगायचं तर त्या घराची गोष्टच सांगावी लागते, आणि ती फोनवर सांगवत नाही. म्हणून लिहिते आहे.

आई येईपर्यंत मी पुण्यात चौघींच्या खोलीत एका कॉटवर राहत होते. विम्याच्या ऑफिसात नोकरी, लग्न झालेलं नाही. अशा बाईला फ्लॅट द्यायचा म्हटलं की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात घरात कॅन्सरचं माणूस राहणार म्हटल्यावर तर "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. मी रडकुंडीला आले. मग आईचा धाकटा भाऊ, आमचे मामा, माझ्याबरोबर घरं बघायला आले.

मामांनी फ्लॅट बघितलाच नाही, मालक बघितला. आपल्याकडं असंच असतं. भिंतीला ओल आहे का, मीटर वेगळं आहे का, हे राहिलं बाजूला. सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच त्यांनी विचारलं, "पाव्हणं, गाव कोणतं म्हनायचं?" मालक निघाले अंबड तालुक्यातले, नोकरीनिमित्त पुण्यात आलेले आणि इथंच घरदार केलेले. त्यांच्या बायकोचं माहेर आष्टी. मामांची चुलत आत्या आष्टीलाच दिलेली, आणि ती त्याच भावकीत. चहा येईपर्यंत मालकीणबाई मामांची बहीण झाली आणि मालक झाले दाजी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. या अफाट शहरात आपलं माणूस सापडलं होतं.

निघताना मी हळूच कराराचं विचारलं. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भरल्या ताटात थुंकले. बाहेर आल्यावर म्हणाले, "दाजीला कागद मागती? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव." दाजी तर आधीच बोलून बसले होते, "करार-बिरार बाहेरच्या लोकाला. घर तुमचंच हाये." शब्द झाला, किल्ली मिळाली.

ही चूक पुण्यातला माणूस करणार नाही. तो मालकाला मालकच ठेवतो. आपण त्याला आधी पाहुणा करतो, आणि मग पाहुण्यासमोर आपली जीभ उचलत नाही. लिफ्ट आठवड्यातून एखादा दिवस बंद असायची आणि चौथ्या मजल्यापर्यंत आईला खुर्चीत बसवून न्यावं लागायचं. मी बोलले नाही. पोलिसांकडं भाडेकरूची नोंद करायची असते, ती दाजींनी केली नाही. सोसायटीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की गावाकडचे नातेवाईक आहेत, इलाजाला आलेत. म्हणजे दर महिन्याला भाडं देऊनही त्या बिल्डिंगच्या लेखी आम्ही पाहुणेच होतो. हे मला वॉचमनकडून कळलं. तेव्हाही मी गप्प राहिले.

आईला मात्र दाजींचं भारी कौतुक. बरं वाटत असेल त्या दिवशी ती ओट्याला धरून उभी राहायची आणि त्यांच्यासाठी धपाटे करायची. "माणूस आपल्याकडलं हाये म्हनून निभतंय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. केस गेले, अन्न गेलं, ओट्याजवळ उभं राहणंही गेलं. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या, आणि फार हलवू नका. पुण्यात आमचं घर तेव्हा एकच होतं. मी तिला तिथंच आणलं, खिडकीशी पलंग लावला आणि ऑफिसातून रजा घेतली.

दाजी आणि त्यांची बायको, जिला मी आता मावशी म्हणत होते, दोघं भेटायला आले. शहाळी आणली होती. दाजी आईच्या उशाशी बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगेन. मग ते उठून माझ्यामागं स्वयंपाकघरात आले.

"पोरी, एक बोलायचं व्हतं. फ्लॅट इकायला काढलाय. गिऱ्हाईक येऊन राह्यलेत. घरात तसं काही झालं तर मंग कोणी हात लावत न्हाई. तू शहाणी हाय. आपलेच म्हनून सांगून राह्यलो."

मी म्हणाले, "काका, डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय."

"ते बी बराबर हाय," दाजी म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "किती दिवस म्हनतेत?"

माझ्या आईचे किती दिवस राहिले हे मला तिच्याच चुलीपाशी उभं करून विचारलं जात होतं. ते गेल्यावर ऑफिसातल्या एका वकिलांना मी फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "रजिस्टर केलेला करार आहे ना? मग नोटिशीशिवाय तो काही करू शकत नाही." मी म्हणाले, "करार नाही, नातं आहे."

तरी मी ठरवलं होतं, हलायचं नाही. काय करतील ते करू देत. मरणाऱ्या बाईला हात धरून कोण बाहेर काढतो ते बघू. मामांना फोन केला तर मामा म्हणाले, "दाजीचं बी बरोबर हाये, पर..." आणि त्यांनी फोन ठेवला.

पण आईनं ऐकलं होतं. स्वयंपाकघर आणि तिचा पलंग यांच्यात एक पातळ भिंत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "मला गावाकडं ने."

"आई, प्रवास सोसायचा नाही तुला."

"पाव्हण्याच्या घरात मरू न्हाई, माय. त्यांच्या लेकराबाळाला लागतं."

"पाहुण्याचं कशाचं? भाडं भरतो आपण. आपलंच घर आहे हे."

"भाडं भरल्यानं घर व्हतं व्हय?" एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी हरले. कायद्यानं हरले असते तर निदान भांडले तरी असते.

सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली. दाजींनी स्ट्रेचरला खांदा लावला आणि खाली उतरवताना "हळू, हळू" म्हणत राहिले. नगर मागं पडलं तोवर आई मधूनमधून डोळे उघडत होती. नेवासा फाट्याच्या पुढं बरोबरच्या माणसानं तिची नाडी बघितली आणि ड्रायव्हरला सांगितलं की आता घाई करू नको. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला काही कळलंसुद्धा नव्हतं.

आपल्याकडं जिथं जीव जातो, त्या जागी दिवा ठेवतात. भोकरदनला पोचल्यावर घरातल्या म्हाताऱ्या बायांनी विचारलं, जीव कुठं गेला? दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, रस्त्यात. बायांचं बराच वेळ आपसात चाललं. शेवटी कमलमावशी उठली, मधल्या खोलीत आई निजायची तिथली जागा तिनं हातानं पुसून घेतली आणि दिवा लावला. ती जागा खोटी आहे हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

दहाव्याला दाजी पुण्याहून आले. मावशीला घेऊन, दादासाठी टॉवेल-टोपी घेऊन. पाहुण्याच्या रीतीत एक गोष्ट चुकली नाही त्यांची. दादाच्या गळ्यात पडून ते रडले, पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळ्यांबरोबर हात जोडून उभे राहिले. पंगत उठल्यावर मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, आत्ता बोलू न्हाई, पर तिकडं गिऱ्हाईक थांबलंय. ती किल्ली राह्यली तुझ्याकडं."

मी पर्समधून किल्ली काढून दिली. ओसरीवरून मामा म्हणाले, "दाजी, ऱ्हावा आजच्या दिवस."

आता मी दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहते. करार रजिस्टर केलेला आहे, पोलिसांत नोंद आहे, नोटीस किती दिवसांची ते लिहिलेलं आहे. सोसायटीच्या पाटीवर माझं नाव आहे. पोरांना हे सगळं करायला लावा, मालक सख्खा मामा असला तरी करायला लावा. मामा फोनवर विचारतात, "नवा मालक कुठला? आपल्याकडला हाय का?"

मी सांगते, विचारलं नाही. आणि खरंच विचारलेलं नाही. बसमध्ये, ऑफिसात कोणाच्या तोंडून आपल्याकडचं "करून राह्यलो" ऐकलं की पूर्वी मी वळून गाव विचारायचे. आता मान खाली घालते. भोकरदनचं घर दादाचं आहे, हे घर मालकाचं आहे, आणि अनोळखी माणसाला गाव विचारून त्याच्यात आपलं घर शोधायची जी सवय आईनं लावली होती, ती माझ्यापुरती मोडली. दोन्ही घरांच्या किल्ल्या माझ्याजवळ आहेत. मरायला कुठं जायचं, ते अजून ठरलेलं नाही.