आमच्या मोटारीचं सामान

घरात जुनं सामान साठतं तसे आमच्याकडं मोटारीचे किस्से साठलेत. एक काढायला जावं तर त्याच्या पाठीला दुसरा चिकटून येतो! हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "काकू, मोटारीचं सांगा नं." अन् मग माझा चहा गार होतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट, अगदी शेवटची वर्षं. आमचे हे नांदेडला वकील. वकिली बेताची, पण हौस दांडगी! हैदराबादच्या कुण्या साहेबानं टाकून दिलेली मोटार ह्यांनी घेतली. ती तेव्हाच इतकी जुनी होती की छपराचं कापड उंदरांनी खाल्लेलं. सुरू करायची तर पुढून लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं. घरी आली तीच बैल जुंपून! सासूबाई ओवाळायला ताट घेऊन बाहेर आल्या, एकवार बघितलं, अन् आधी बैलांना ओवाळलं.

सासूबाईंची लेक, म्हणजे माझी नणंद, लातूरला दिलेली. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "दिगू, येत्या दिवाळीपर्यंत एकदा तरी बैल न जुंपता मला लातूरला पोचीव. न्हाईतर ही मोटार विकायची. कबूल?"

"कबूल!" हे म्हणाले. लोकांचे करारनामे दहादा वाचणारा माणूस, स्वतःच्या वेळी एकदाही विचार केला न्हाई! मोटार गेली तर ह्यांचं काय होईल ते मला दिसत होतं. ह्यांचा जीव तिच्यात होता. अन् सासूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

* * *

रस्त्यात काय मोडेल ह्याचा नेम न्हाई, म्हणून ह्यांनी सामान जमवायला सुरुवात केली. पाने, हातोडी, जॅक, हवेचा पंप, जुने प्लग, तार, सुतळी, रबराचे तुकडे. ठेवायचं कशात? माझ्या माहेरची हिरवी ट्रंक होती, आत रुखवताच्या वस्तू. एक दिवस बघते तर रुखवत खाटेखाली अन् ट्रंकेत पाने!

"अहो, माझ्या आईनं दिलेली ट्रंक हाय ती!"

"म्हणूनच मजबूत हाय," हे म्हणाले.

एकदा लोह्याला ह्यांच्या एका पक्षकाराकडं जेवायला बोलावलं होतं. सकाळी आम्ही ट्रंक चढवली, त्यावर दोन टायर, पाण्याचे डबे, दोरखंड, चाकाला लावायला दोन दगड. दगडसुद्धा घरचे! रस्त्यातला दगड भरवशाचा नसतो म्हणे. समोरच्या घरातले मास्तर धावत आले. बिचारे रडायच्या बेतात होते.

"वकीलसाब, न सांगता घर सोडून चाललात? काही चुकलं का आमचं?"

"न्हाई हो, मास्तर. जेवायला चाललोय. संध्याकाळी येतो."

मास्तरांनी सामानाकडं बघितलं अन् म्हणाले, "कुठल्या संध्याकाळी?"

* * *

हँडलवर तर ह्यांचा भारी जीव. मोटारीत ठेवलं तर कुणी पळवील, म्हणून ते बगलेत मारून अदालतीत जायचे. एका बगलेत कागद, दुसऱ्या बगलेत हातभर लोखंडी दांडा!

एकदा शेताच्या बांधाचा मुकद्दमा होता. समोरचा माणूस मोठा भांडकुदळ, वर्षानुवर्षं तडजोडीचं नाव घेऊ देत नव्हता. त्या दिवशी हे घाईनं आत शिरले, घाम पुसला अन् हँडल धाडकन त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. माणसानं हँडलकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं अन् हात जोडले. "तडजोड करू, वकीलसाब!"

हे अजून सांगत फिरतात, माझ्या युक्तिवादानं तो मुकद्दमा मिटला.

* * *

पहिल्यांदा लातूरला निघालो ती तऱ्हा ऐका. लोहा मागं टाकलं अन् मोटारीच्या नाकातून वाफ निघायला लागली. रेडिएटर गळत होता. पाणी ओतावं तर वरून ओतलेलं खालून जमिनीत. ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं, बेसन टाकलं की भोक बुजतं. मी नणंदेसाठी डाळ दळून घेतली होती, लाडू करायला. ह्यांनी मला न विचारता अर्धी पिशवी आत रिकामी केली!

भोक बुजलं, खोटं कशाला बोलू. मोटार चालली. पण इंजिन तापलं तसं आत बेसन शिजायला लागलं. बदबद आवाज, अन् वास तर असा सुटला की मागून येणारी दोन माणसं सायकलवरून उतरली. मग टोपण उडालं. पिवळं पिठलं उसळून काचेवर, ह्यांच्या टोपीवर, माझ्या पदरावर!

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "भाकरीचं गठुडं कुणाकडं हाय?"

त्या दिवशी बैल जुंपूनच माघारी आलो.

* * *

दुसऱ्या खेपेला ट्यूब फाटली. ठिगळाला ठिगळ लावून झालं, पंप मारून मारून ह्यांचे हात गळाले. मग ह्यांनी युक्ती काढली. शेजारच्या शेतातून कडबा मागून आणला, बारीक तोडला अन् टायरात ठासून भरला. हवेशिवाय चाक! मोटार उड्या मारत का होईना, पण निघाली. हाडं खिळखिळी झाली, तरी माझ्या मनात आलं, आज पोचतो बघा लातूरला.

चहाला म्हणून वाटेत एका बाजाराच्या गावी थांबलो, तीच चूक! मोटार लिंबाखाली लावली. परत येऊन बघतो तर एक खिलारी बैल टायराच्या फटीत तोंड घालून निवांत कडबा ओढून खाऊन राहिला. चाक पार बसलं होतं!

हे लालबुंद. बैलाच्या मालकाला म्हणाले, "तुझ्या बैलानं माझी मोटार खाल्ली! नुकसानभरपाई दे!"

तो गडी काही घाबरला न्हाई. "वकीलसाब, कडबा कुणाच्या रानातला हाय?"

ह्यांनी मागच्या वाटेवरच्या त्या शेताची खूण सांगितली.

"ते रान माझंच हाय. कडबा मालकिणीनं दिला आसंल. माझा कडबा माझ्याच बैलानं खाल्ला. आता बोला!"

शेवटी त्याच गड्यानं तोच बैल अन् त्याचा जोडीदार आमच्या मोटारीला जुंपला. सासूबाई म्हणाल्या, "जेवलेला बैल हाय, जरा जोरात चालंल."

* * *

दिवाळी तोंडावर आली. आता शेवटची संधी. ह्यांनी महिनाभर तयारी केली. एकाऐवजी दोन जॅक, सगळ्या नटबोल्टांचे जोडीदार, बेसनाचीसुद्धा वेगळी पुडी! ट्रंक अशी भरली की झाकणावर मी बसले तेव्हा कडी लागली.

अन् काय सांगू, मोटार चालली! लोहा गेलं, अहमदपूर गेलं. ह्यांनी गाणं म्हणायला सुरुवात केली. मध्ये पंख्याचा पट्टा तुटला, तर सासूबाईंनी स्वतः आपल्या नव्या इरकली लुगड्याचा काठ टर्रकन फाडून दिला. "घे. लेकीच्या दारात बैलाच्या मागं जायचं न्हाई मला!" मी बघतच राहिले. चाकूर मागं पडलं. सासूबाई कठडा धरून पुढं वाकून बसल्या होत्या, डोळे लहान पोरीसारखे झाले होते.

अन् मोटार हळू झाली, उचकी दिल्यागत केलं अन् थांबली.

ह्यांनी ट्रंक उघडली. प्लग बदलले, तारा बदलल्या, जे जे बदलता येईल ते सगळं बदललं. मोटार ढिम्म! शेवटी टाकीत काडी घालून बघितली. काडी कोरडी.

जर्मनीशी लढाई चाललेली, पेट्रोल सरकारी चिठ्ठीवरच मिळायचं. मोठ्या मिनतवारीनं एक जादा डबा मिळवला होता. तो ट्रंकेमुळं जागा राहिली न्हाई म्हणून ह्यांनी घरीच ठेवला होता!

"सगळं घेतलंस रे दिगू," सासूबाई म्हणाल्या, "तिची भूक तेवढी विसरलास."

लातुरात शिरलो ते बैलांच्या मागं. नणंद दारात उभी राहून हसली, पण मला लई वाईट वाटलं. ह्यांनी मान वर केली न्हाई.

* * *

शब्द तो शब्द. दिवाळी झाली अन् कंधारकडच्या एका देशमुखांशी सौदा ठरला. शुक्रवारी सकाळी मोटार न्यायला येतो म्हणाले. आदल्या दिवशी ह्यांनी एकेक पाना तेल लावून पुसला, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. जेवायला बसले अन् दोन घास खाऊन ताटावरून उठले. सासूबाई त्या ताटाकडं बघत बसल्या. मी म्हटलं, "नका नं विकू, आई." तर म्हणाल्या, "दिलेला शब्द मोडायचा न्हाई. न त्यानं, न मी."

शुक्रवारी देशमुख आले, पांढरा कोट, गुलाबी फेटा, बरोबर गड्यांची फौज. पाहुण्यांच्या जेवणाची माझी घाई. ह्यांनी हँडल घातलं, फिरवलं. मोटार नुसती गुरगुरली. देशमुखांच्या गड्यांनी आळीपाळीनं फिरवलं. सगळे घामाघूम, पण मोटार सुरू होईना! ह्यांनी प्लग काढले, पुसले, घातले. सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "देशमुख, मोटार आमची हाय म्हणून खोटं बोलणार न्हाई. ती अशीच हाय."

देशमुखांनी फेटा सारखा केला. "राहू द्या, वकीलसाब. आपला घोडा बरा." अन् न जेवताच निघून गेले.

हे मोटारीपाशी एकटेच उभे. काय मनात आलं कोण जाणे, जाता जाता हँडलला एक जोरदार हिसका दिला.

धडाम! मागच्या धुराच्या नळीतून काहीतरी सुसाट उडालं, भिंतीवर आपटलं अन् थेट आमच्या पायाशी येऊन पडलं. अन् मोटार अशी झकास सुरू झाली की जशी काल कारखान्यातून आली!

आम्ही खाली वाकून बघितलं. वरून काळाकुट्ट, आतून पांढरा. माझ्या परातीतल्या कणकेचा गोळा!

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी हातातली वात पुरी वळली, तबकात ठेवली अन् माझ्यावरच डाफरल्या, "तुला किती वेळा सांगितलं, कणीक येवढी घट्ट मळत जाऊ नको म्हणून!"